होगेवेन आणि आपला सडा

फ्लॅट बुश, ऑकलंड
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. शुभमला आशीर्वाद, आणि पत्र तोच फोडणार असेल तर त्याला म्हणावं, आधी बापाला वाचू दे, मग तू वाच.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस. मागून वहिनी बोलते, तिच्या मागून टीव्ही बोलतो. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. आपल्या पोस्टात येईतो दिवाळी उजाडेल. भाऊबीजेच्या आत मिळालं तर बरं.

इथे सगळे मजेत. दसरा घरातच केला. आपट्याची पानं इथे कुठली, तेव्हा दीप्तीने मागच्या अंगणातल्या कुठल्याशा झुडपाची पानं आणली आणि म्हणाली, आई, घे, सोनं. मी घेतलं. इथे आता वसंत म्हणतात, पण वारा असा की वाळत घातलेला टॉवेल शेजाऱ्याकडून आणावा लागतो. मागच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे केली. सरकार सांगतं, आपण करायचं. माझी झोप काही सरकारचं ऐकत नाही.

इरावती आता शाळेत जाते. माझ्या या नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. काल पोहायला जायचं होतं तर दारातून ओरडली, "आजी, व्हेअर आर माय टॉग्ज?" टॉग्ज म्हणजे इथे पोहायचे कपडे. मी म्हटलं, मराठीत विचार, लगेच सापडतील. तर कार्टीने स्वतः शोधले, पण मराठीत काही विचारलं नाही. हट्ट कुणाचा घेतलाय ते मला विचारू नकोस.

मी ओटाहुहूच्या शाळेतलं काम मार्चमध्ये सोडलं, हे तुला माहीत आहेच. मुलांना वाचायला बसवायचं काम होतं, आवडायचं. पण गुडघा बोलायला लागला. आता दिवस मोकळा असतो. घर मोठं, खाली माझी खोली, दीप्ती आणि जावई दोघं सकाळी गाडी काढून मोटरवेला लागली की संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रीजचा आवाज. हरीशना जाऊन फेब्रुवारीत चार वर्षं होतील. त्यांची खुर्ची खिडकीपाशी तशीच आहे, फक्त आता तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

तू पाठवलेल्या कागदांचं पुढे लिहिते. आधी आमच्या व्याह्यांचं ऐक.

दीप्तीच्या सासऱ्यांना तू लग्नाच्या व्हिडिओत पाहिलंयस. फेटा भुवयांवर घसरलेला तो उंच म्हातारा. नाव केस, आणि डोक्यावर एक नाही. मूळचा हॉलंडचा, सात वर्षांचा असताना आईबापांबरोबर बोटीने इथे आला. बायको मागेच वारली. हॅमिल्टनच्या बाजूला त्याची डेअरी आहे, म्हणजे गाईंची. नाक्यावरच्या किराणा दुकानालाही इथे डेअरीच म्हणतात, तेव्हा घोटाळा करू नकोस. आता गाई दुसऱ्याला चालवायला दिल्यात आणि हा घरात बसून जुने फोटो चाळतो. माणूस मोठा सरळ. पहिल्या भेटीत मी विहीण म्हणून मानपानाचा थोडा तोरा दाखवून पाहिला. त्याला कळलंच नाही. त्याने मला गमबूट दिले आणि गोठा दाखवायला नेलं.

त्याची जमीन पीटची आहे. आपल्याकडे ही चीज नाही, म्हणून सांगते. दलदलीत शेवाळ, गवत मरतं, पण पाण्याखाली ते पुरतं कुजत नाही. हजारो वर्षं थरावर थर साचतो. काळी, मऊ, ओल्या भाकरीसारखी माती होते. ती कापून वाळवली की शेणीसारखी जळते. इथे कुणी जाळत नाही. इथे चर खणून तिचं पाणी काढलं आणि वर गवत पेरून गाई सोडल्या. पण पाणी गेलं की पीट आक्रसतं आणि जमीन बसते. केसचं घर लाकडी खांबांवर आहे, खांब खालच्या पक्क्या जमिनीत. त्यामुळे घर जागच्या जागी आणि अंगण दरवर्षी थोडं खाली. काही वर्षं गेली की दारापुढे आणखी एक पायरी ठोकायची. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या पायऱ्या चढताना गुडघ्याने शंख केला. मी म्हटलं, तुमचं घर वर चाललंय की काय? तर म्हणाला, "नो, अनू. द फार्म इज लीव्हिंग."

हा केस ज्या गावात जन्मला त्याचं नाव होगेवेन. ते गावही पीटचंच. यंदा त्या गावाला चारशे वर्षं झाली म्हणून तिकडे उत्सव आहेत, आणि इथल्या डच मंडळींच्या क्लबात केसने गावाच्या इतिहासावर तासभर बोलायचं ठरवलं. मागच्या महिन्यातली गोष्ट. दीप्ती, जावई विलेम, इरावती आणि मी, सगळे गेलो. मी नारळाच्या वड्या नेल्या. डच लोकांची रीत अशी की कॉफीबरोबर डबा उघडतात, प्रत्येकाला एक देतात आणि झाकण लावतात. माझा डबा परत आला तेव्हा निम्मा भरलेला. वहिनीला सांग, तिला वाटायचं तिच्याच घरात हात आखडता आहे.

तर ते गाव असं. चारशे वर्षांपूर्वी तिथे नुसती दलदल. कडेला दोन खेडी होती, तिथले शेतकरी त्या दलदलीच्या काठाने मेंढ्या चारायचे. ती जमीन कुणा एकाची नव्हती, दोन्ही गावांची सामाईक. मग एक जमीनदार आला. त्याला कळलं होतं की हॉलंडच्या शहरांत जळण संपत आलंय, झाडं उरली नाहीत, आणि दारू गाळणाऱ्यांना, पाववाल्यांना, विटा भाजणाऱ्यांना आग तर हवीच. त्याने शेतकऱ्यांकडून ती दलदल विकत घेतली. शहरातले पैसेवाले भागीदार आले, कंपनी झाली. पहिलं काम काय केलं असेल? कालवा खणला. कारण पाणी निघाल्याशिवाय पीट कापता येत नाही, आणि कापलेलं पीट न्यायला होडीही त्याच कालव्यातून. पाणी आधी गेलं, माती मागाहून.

माणसं आली, कुठून कुठून. दलदलीच्या कडेला मातीच्याच ढेकळांच्या झोपड्या करून राहिली. बायका-पोरं विटांसारखे तुकडे थप्पीने रचायची, उन्हाला उलटवायची. मजुरी कधी कधी चिठ्ठीत मिळायची, आणि ती चिठ्ठी चालायची ती मालकाच्याच दुकानात. कालव्याला फाटे, फाट्यांना फाटे, आणि काठाने घरांची ओळ. असं गाव वाढलं. चर्चला घंटा नव्हती म्हणून रविवारी एक माणूस ढोल वाजवत फिरायचा, दवंडीसारखा. केस म्हणतो, अजूनही वाजवतात. त्याने क्लबात टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं, आणि मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे पुसले.

मग पीट संपलं. खाली वाळू. काही पिढ्या हलाखीच्या गेल्या. वरची टाकून दिलेली माती, शहराचा केरकचरा आणि शेणखत वाळूत कालवून तिथे बटाटे लावले, ते आले. कारखाने आले. कालवे कुणाला नकोसे झाले, ते बुजवून रस्ते केले. केस बायकोला घेऊन एकदा तिकडे गेला होता. लहानपणी ज्या कालव्याच्या बर्फावर घसरायला शिकला तो शोधत हिंडला, तर तिथे गाड्या लावायची जागा.

दादा, तू हुशार आहेस. मी हे सगळं तुला का सांगतेय ते तुझ्या एव्हाना ध्यानात आलं असेल. आणि तू म्हणशील, बघ, म्हणजे आपल्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, जांभ्या चिऱ्यांची खाण काढायचं शुभमचं बरोबर आहे. तिथेही खणल्यावर शेती झालीच की. शुभमनेही मला हेच सांगितलं होतं. "आत्या, चिरे काढून झाले की खड्ड्यात माती भरू, कलमं लावू. नुसता कातळ काय कामाचा?" तो वेडा नाही. गाव सोडून मुंबईला जायचं नाही म्हणतो, त्याचं मला कौतुकच आहे. आणि होगेवेन काही भुताटकीचं गाव नाही. मोठं शहर आहे, लोक सुखाने राहतात. केसला मी विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला, ती दलदल कापली नसती तर माझे पणजोबा तिथे आले नसते, मी झालो नसतो, विलेम झाला नसता. वाईट कुठल्या तोंडाने वाटून घेऊ?

तेव्हा मी तुला उपदेश करत नाहीये. त्या संध्याकाळी एक झालं तेवढं सांगते. भाषण संपलं, केसने विचारलं, कुणाला काही विचारायचंय? डच मंडळी कॉफीकडे बघत होती. मी हात वर केला. दीप्तीने माझा पदर ओढला, पण तोवर केसने बघितलं होतं. मी विचारलं, त्या दोन खेड्यांतले सगळेच शेतकरी विकायला तयार होते का?

केसने चष्मा काढला. म्हणाला, "माहीत नाही, अनू. कागद आहे तो विकणाऱ्यांचा. नाही म्हणणारा कुणी असेल तर त्याचं नाव कुठे येणार?"

एवढंच. मग सगळे कॉफीला उठले. मी मात्र परतीच्या वाटेवर गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. इरावतीने विचारलं, आजी, आर यू ओके? मी म्हटलं, हो ग बाई. दुसऱ्या दिवशी माझी कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट होती.

आता झोपते. उरलेलं उद्या लिहीन.

सोमवार

आज कोजागिरी. आटवलेलं दूध करीन, पण चंद्राचं काही सांगता येत नाही, सकाळपासून ढग आहेत.

दादा, अपॉइंटमेंट मिळत नाही असं मी तुला महिनाभर सांगत होते, ते खोटं होतं. कधीच मिळाली होती. गणपती झाले आणि तुझं पाकीट आलं, त्यानंतर आठवड्याभरात मिळाली. मीच एकदा पुढे ढकलली.

पाकीट उघडलं तेव्हा मला वाटलं होतं, आत चार ओळी असतील. तुझ्या हातच्या. "अनू, असं असं आहे, शुभमचं असं म्हणणं आहे, तुला काय वाटतं?" नव्हत्या. हक्कसोडपत्र होतं, आणि जिथे सही करायची तिथे पिवळ्या चिकट्या लावल्या होत्या. मी वाचलं सगळं. "नैसर्गिक प्रेम व मायेपोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने." माझं प्रेम आणि माझी माया, आणि लिहिली कुणी, तर लांज्याच्या वकिलाच्या टायपिस्टने. मला राग आला. अजून आहे, लपवत नाही.

सगळ्याच बहिणी सोडतात. आपल्या आत्यांनी सोडला, तुझ्या मेव्हणीने सोडला. साडी-चोळी घ्यायची, अंगठा उठवायचा, आणि वर्षाला चार दिवस माहेरी जेवायचं. ज्या मागतात त्यांना काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकलंय. आईच म्हणायची. "भावाच्या ताटात हात घातला." मीही म्हटलं असेन कुणाला. म्हणून मी सही करायला निघाले होते, दादा. खरंच निघाले होते. दीप्ती तर पहिल्या दिवसापासून मागे लागली होती, "आई, इट्स अ रॉक. जस्ट साइन इट." तिला काय सांगणार? कातळच आहे तो.

दोन साक्षीदार लागतात. एक दीप्ती, दुसरा केस. तो बिचारा सकाळी हॅमिल्टनहून गाडी काढून आला, इस्त्रीचा शर्ट घालून, जसं काही परत लग्नच आहे. आम्ही रांगेत बसलो. नंबर आला. खिडकीत एक पोरगी होती, दीप्तीपेक्षा लहान, फार गोड. तिने कागद चाळले, पासपोर्ट बघितला आणि मान वर न करता विचारलं, "आंटी, अपनी मर्जी से साइन कर रही हैं ना?" सगळ्यांनाच विचारत असणार. दिवसातून कितीदा विचारत असेल. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्या पिवळ्या चिकट्यांकडे बघत राहिले. तिने वर बघितलं. परत विचारलं. दीप्ती म्हणाली, आई? मी म्हटलं, नही, बेटा. आणि कागद गोळा करून पिशवीत टाकले.

बाहेर आलो. दीप्ती फुटपाथवरच सुरू झाली. "आई, आता शशीमामाला काय सांगणार? त्यांनी चिरेखाणीच्या कंत्राटदाराला शब्द दिलाय. तुला हवंय तरी काय?" केस बाजूला उभा होता. ती दम घ्यायला थांबली तेव्हा तो म्हणाला, "सो. लंच?" आम्ही कोपऱ्यावर जाऊन पाय खाल्ली, म्हणजे इथली ती मटणाच्या सारणाची करंजी. माझी भाज्यांची. खाताना मला रडू आलं. केसने रुमाल दिला, आणि काही विचारलं नाही. त्याबद्दल त्याचे किती उपकार मानावेत तेवढे थोडे.

दीप्तीचा प्रश्न मात्र खरा आहे. मला हवंय तरी काय. तर ते आता लिहिते, आणि तू खुर्चीत नीट बसून वाच.

मी सगळ्या सड्याला नाही म्हणत नाहीये. अडवून बसायची माझी इच्छा नाही. सडा मोजून घ्या आणि दोन भाग करा. पश्चिमेचा, रस्त्याकडचा तुझा. तिथे शुभमने चिरेखाण काढावी, कलमं लावावीत, हॉटेल काढावं, माझी हरकत नाही, लागेल तिथे त्या कागदावर मी सही करीन. पूर्वेचा माझा. तो माझ्या नावावर वेगळा करून द्या. तो कापायचा नाही.

कंत्राटदाराला नेमका पूर्वेचाच हवाय, तिकडचा चिरा चांगला, हे मला ठाऊक आहे. शुभम फोनवर बोलता बोलता बोलून गेला. म्हणूनच लिहितेय. त्याच्याखाली आपल्या वाडीचा झरा आहे. आता नळ आलाय, झऱ्यावर कोण जातं, असं वहिनी म्हणेल. वहिनी, नळाची टाकी त्या झऱ्यावरच भरते ग. पावसाळाभर तो कातळ पाणी पितो आणि मेपर्यंत आपल्याला पाजतो. पलीकडच्या वाडीचा सडा कापला, त्यांचा झरा दुसऱ्या वर्षी आटला, एप्रिलपासून टँकर. हे मला तूच सांगितलंस, दादा, दोन वर्षांपूर्वी, आणि तेव्हा तू त्या लोकांना मूर्ख म्हणाला होतास.

पण झऱ्याचं हे कारण अर्धंच आहे. नुसत्या पाण्यासाठी मी भांडले असते तर मोठी समाजसेविका झाले असते. उरलेलं अर्धं मी हरीश गेल्यापासून कुणाला बोलले नाही. दीप्तीला तर नाहीच, काल रात्री जेवताना पहिल्यांदा सांगितलं.

मला परत यायचंय, दादा. पाहुणी म्हणून चार दिवस आंबोळ्या खायला नव्हे. राहायला. इथल्या थंडीचे सहा महिने तिथे, उरलेले इथे, निदान गुडघा चालतोय तोवर. तुमच्या घरात नाही. वहिनीच्या संसारात नणंद आणून बसवायची नाही, तिने आईचं पुष्कळ केलंय, आता माझं करायला नको. सड्याच्या पूर्वेला, झऱ्याच्या बऱ्याच वर, एक खोली, पुढे ओटी, मागे न्हाणीघर. पश्चिमेचेच चिरे घेईन, शुभमकडून विकत घेईन, त्याचं पहिलं गिऱ्हाईक मी. तिथून समुद्र दिसतो. पावसानंतर तो सगळा कातळ जांभळ्या फुलांनी भरतो, तिथे बसून मी तुला शिव्या देत चहा पिईन.

हे मी आधी का बोलले नाही? भीती वाटली म्हणून. विधवा बहीण परत येते म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते, हे मला काय ठाऊक नाही? आणि वाटा मागितला की माहेर संपतं, हेही ठाऊक आहे. वहिनी परवा फोनवर म्हणाली, "वन्सं, सही पाठवलीत की या दिवाळीनंतर निवांत." ती सहज बोलली असेल. पण मी ऐकलं ते असं, की सही आधी आणि दार मागाहून. रात्रभर मला ते टोचत राहिलं. माझ्या जन्माच्या घरात जायला मला पावती लागणार का, दादा?

दीप्तीने काल ऐकलं आणि विचारलं, "आणि इरावती?" तेही खरं आहे. पोरगी माझ्या कुशीत झोपते. ती वरून ऐकत होती, जिन्यावर बसून. म्हणाली, "आजी, कॅन आय कम?" मी म्हटलं, मराठीत विचार. ती दोन पायऱ्या खाली आली आणि म्हणाली, "मी पण येऊ?" माझा हट्ट शेवटी चालला, पण आनंद काही झाला नाही. सुट्टीत येईल ती. मला दोन्हीकडे तुटायचंच आहे, त्याला इलाज नाही.

मी वकील केलेला नाही. करणारही नाही. कोर्टात भावाचं नाव पुकारलेलं मला ऐकवणार नाही. तू नाहीच म्हणालास, आणि माझ्या सहीशिवाय कुठून तरी वाट काढून मशीन लावलंस, तर मी काही करू शकणार नाही, हेही मला कळतं. पण मग ते माझ्या प्रेमापोटी झालं असं कुठे लिहू नका. माझं नाव विकणाऱ्यांत नको. नाही म्हणणाऱ्यांत असू दे, आणि ते कुठे तरी लिहिलेलं असावं म्हणून हे पत्र. जपून ठेव. आवडलं नाही तरी फाडू नकोस.

तू माझ्यावर रागावशील. रागाव. लहानपणापासून तुझा राग मी पाहिलाय, दोन दिवस जेवत नाहीस आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट जेवतोस. शुभमला समजावून सांग, आत्या वैरीण नाही. वहिनीला काही सांगू नकोस, तिला वाचायलाच दे. तिच्यापासून लपवून काही मागायची मला लाज वाटते.

पश्चिमेच्या कागदांचा मसुदा शुभमने पाठवावा. या वेळी पिवळ्या चिकट्या नकोत. वाचून, समजून, जिथे करायची तिथे मी आपणहून करीन.

आणि तिकीट काढलंय. तुळशीचं लग्न आटोपलं की निघतेय. नोव्हेंबरच्या बारा तारखेला सकाळी राजापूर रोडला उतरेन. तू बोलावलेलं नाहीस, तरी. स्टेशनवर कुणी आलं नाही तर रिक्षा करीन. घरी येऊन आधी हाक मारीन, तू ओटीवर असशीलच. दार उघडलं नाहीस तर भांडणार नाही, बॅग उचलून सरळ सड्यावर जाऊन बसेन. पूर्वेच्या बाजूला. तिथून मला उठवायचं तर तुला स्वतः चढून यावं लागेल, आणि आलास की जेवायला चल म्हणावं लागेल.

तुझीच, हिस्सेदार बहीण,
अनू